शेताला पाणी, शेतावर पाणी

‘शेताला पाणी सोडलं’ आणि ‘शेतावर पाणी सोडलं’ ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून बघा. पहिल्यात मोटर चालू आहे, कुणीतरी अनवाणी पायांनी पाटाचं दारं मोडतंय आणि सरीतून पाणी पुढं सरकतंय. दुसऱ्यात पाण्याचा थेंब नाही. तिथं भावकीचा दावा आहे, पंधरा वर्षांच्या तारखा आहेत, वकिलाची फी आहे, आणि शेवटी ओट्यावर बसलेला एक माणूस आहे. तो म्हणतो, ‘जाऊ दे. सोडलं पाणी त्या शेतावर.’ शेत तेच, पाणी तेच, क्रियापदही तेच. नुसत्या ‘ला’चा ‘वर’ झाला आणि पीक उभं राहायचं ते शेतच हातचं गेलं.

मराठीत काहीतरी सोडून देण्यासाठी शब्द भरपूर आहेत: त्याग, परित्याग, तिलांजली, सोडचिठ्ठी, फारकत, काडीमोड. पण रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त राबतं ते ‘पाणी सोडणे’. बस चुकली म्हणून रिझर्व्हेशनच्या पैशांवर पाणी सोडतात, मुलाच्या परीक्षेपायी दिवाळीच्या सुट्टीवर सोडतात. उसने दिलेल्या पाचशे रुपयांवर तर जवळजवळ देतानाच पाणी सोडलेलं असतं. एखादी वस्तू आपली होती किंवा आपल्याला मिळायची होती, ती आता मिळणार नाही, आणि हे आपण मान्य केलं आहे, एवढा सगळा अर्थ या दोन शब्दांत मावतो. पण यात पाणी कुठून आलं? पैसे बुडाले तर ते पाण्यात गेले असं आपण म्हणतोच. मग पैशांवर पाणी कशासाठी?

त्यासाठी एखाद्या घरातली पूजा आठवावी. ताम्हण, पळी, पंचपात्र. गुरुजी यजमानाला उजवा तळहात पुढं करायला सांगतात. त्यावर अक्षता, कधी तीळ, कधी दर्भाची काडी, वर सुपारी किंवा नाणं, आणि त्यावर पळीभर पाणी. मग संकल्प. त्यात काळ येतो, स्थळ येतं, गोत्र आणि नाव येतं, काय द्यायचं आणि कुणाला द्यायचं ते येतं. शेवटी दोनच शब्द येतात, ‘न मम’. माझं नाही. हे म्हणता म्हणता हात कलता करायचा आणि बोटांवरून पाणी खाली सोडायचं. खाली घेणाऱ्याची ओंजळ असते, नाहीतर ताम्हण. पाणी सुटलं की दान झालं. त्याआधी तोंडानं कितीही म्हटलं तरी ते झालेलं नसतं.

ही केवळ भटजींच्या पोथीतली गोष्ट नव्हे. जुन्या काळी तो पक्का व्यवहार होता, आजच्या भाषेत खरेदीखतावरची सही. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये भरहूतच्या स्तूपाचे दगडी कठडे ठेवले आहेत. सतना जिल्ह्यातल्या त्या स्तूपाचा शोध अलेक्झांडर कनिंगहॅमला १८७३ साली लागला. शिल्पं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. त्यातल्या एका गोल पदकात श्रावस्तीच्या जेतवनाची गोष्ट कोरली आहे. अनाथपिंडक नावाच्या धनिकाला ते वन बुद्धासाठी विकत घ्यायचं होतं आणि किंमत ठरली होती जमीन झाकेल एवढी नाणी. शिल्पात बैलगाडीतून नाणी उतरवणारी माणसं दिसतात, चौकोनी नाणी जमिनीवर फरशीसारखी मांडणारी दिसतात. आणि मध्ये, झाडाजवळ, खुद्द अनाथपिंडक उभा आहे. त्याच्या हातात पैशाची थैली नाही. तोटीची झारी आहे. जमिनीची किंमत नाण्यांनी चुकती झाली, पण वन बुद्धाच्या संघाचं व्हायला पाणी पडावं लागलं. शिल्पकारानं हा सगळा व्यवहार दाखवताना दात्याच्या हातात नेमकी झारी दिली, याचा अर्थ बघणाऱ्याला ती खूण तेव्हा सांगावी लागत नव्हती.

पुढं हजार वर्षांनी राष्ट्रकूट आणि शिलाहार राजांच्या ताम्रपटांतही तेच. गाव दान दिला त्याची चतुःसीमा लिहिली जाते, घेणाऱ्याचं गोत्र लिहिलं जातं आणि दान ‘उदकातिसर्गेण’ म्हणजे पाणी सोडून दिलं असं नमूद होतं. ते लिहिणं शोभेचं नव्हतं. कुणी उद्या गाव परत मागायला आला तर दाखवायचा तो पुरावा होता.

आणि पाण्यावाचून दान होत नाही, हे ज्याला माहीत नाही त्याला मराठीतली आणखी एक म्हण कधीच उलगडणार नाही: ‘झारीतील शुक्राचार्य’. वामन बळीराजाकडं तीन पावलं जमीन मागतो. बळी झारी उचलतो. शुक्राचार्यांना डाव कळलेला असतो. आता शिष्याला अडवायचं कसं? ते बळीचा हात धरत नाहीत, वामनाशी भांडतही नाहीत. बारीक रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसतात. पाणी येणार नाही, म्हणजे दान पुरं होणार नाही, म्हणजे राज्य वाचेल. कायद्यातली पळवाट शोधणारा हा आपल्या पुराणांतला बहुधा पहिला वकील. वामन तोटीत दर्भाची काडी खुपसतो आणि शुक्राचार्यांचा डोळा जातो. आज आपण ही म्हण मंजूर झालेली फाइल दाबून बसणाऱ्याला लावतो आणि ती चपखल बसते, कारण तोही ‘नाही’ म्हणत नाही, फक्त तोटी अडवतो.

धर्मशास्त्रकारांनी दानाची व्याख्या करताना त्याचे दोन अर्धे सांगितले आहेत. देणाऱ्याची मालकी संपणं हा एक, घेणाऱ्याची मालकी उत्पन्न होणं हा दुसरा. यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणून बांधकामावरून ओळखतो, त्यानं तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथात दानावर एक आख्खा खंड रचला. काय द्यावं, कधी द्यावं, कुणाला द्यावं, याचा त्यात विचार आहे. पण नुसतं ‘मी सोडलं’ म्हणून दान होत नाही, ‘मी घेतलं’ म्हणणारा लागतो. पाण्याच्या धारेला वर एक हात असतो तसा खाली एक हात असतो.

मला वाटतं, या वाक्प्रचाराची खरी गंमत इथून सुरू होते. आज आपण ‘पाणी सोडलं’ म्हणतो तेव्हा खालचा हात गायब झालेला असतो. ‘पाचशे रुपयांवर पाणी सोडलं’ या वाक्यात पैसे कुणाकडं गेले याला जागाच नाही. दानाचा पहिला अर्धा भाषेनं ठेवला, दुसरा गाळला. त्याबरोबर सूरही बदलला. दानाचं पाणी सोडणारा माणूस मोठा असतो. त्याच्याकडं असतं म्हणून तो देतो, चारचौघांत देतो आणि देताना त्याची मान ताठ असते. आपल्या आजच्या वाक्यातला माणूस हरलेला असतो. बळीनं राज्यावर पाणी सोडलं आणि आपण डिपॉझिटवर.

व्याकरणातही याची खूण दिसते. आज हा वाक्प्रचार किती वेळा नुसता येतो आणि किती वेळा ‘लागणे’ला धरून येतो ते ऐका. ‘बढतीवर पाणी सोडलं’ असं क्वचितच कुणी म्हणतं, ‘बढतीवर पाणी सोडावं लागलं’ हेच तोंडात बसलं आहे. दान करावं लागलं असं दाता कधी म्हणत नाही. पण निदान कर्ता तरी अजून शाबूत आहे. ‘मेहनतीवर पाणी फिरलं’ यात तोही नाही. पाणी फिरणं हे पावसासारखं, आपोआप. दुसऱ्यानं केलं तर ‘फिरवलं’. वर्तमानपत्रांत हल्ली हे दोन वाक्प्रचार सर्रास एकमेकांच्या जागी पडतात, ‘अवकाळीमुळे शेतकऱ्यांनी द्राक्षांवर पाणी सोडले’ वगैरे. द्राक्षांवर पाणी फिरलं. शेतकऱ्यानं ते सोडलेलं नाही. तो तर अजून पंचनाम्याची वाट बघतोय.

सोडण्याच्या बाकीच्या शब्दांचे स्वभावही वेगवेगळे आहेत. ‘तिलांजली देणे’ यातही पाणी आहे, पण ते मृताला दिलेलं तीळमिश्रित पाणी. म्हणून अभ्यासाला तिलांजली दिली म्हटलं की अभ्यास आपल्यापुरता मेला, त्याचं पिंडदानसुद्धा उरकलं. ‘तुळशीपत्र ठेवणे’ याला भक्तीचा वास आहे. देवाला अर्पण करायच्या वस्तूवर तुळशीचं पान ठेवलं की ती देवाची झाली. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या माणसांबद्दल लिहिताना ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवून’ हे शब्द हमखास येतात, आणि तिथं ‘पाणी सोडून’ म्हटलं तर कमी पडतं. गमावलेल्या पैशांना आणखी एक शब्द आहे, ‘अक्कलखाती जमा’. तो मला फार आवडतो, कारण मराठी माणूस बुडालेले पैसेसुद्धा कुठल्या तरी खात्यावर टाकल्याशिवाय झोपत नाही. बँका मात्र पाणी सोडत नाहीत. त्या कर्ज ‘निर्लेखित’ करतात, आणि लोकांना वाटतं कर्ज माफ झालं. निर्लेखन म्हणजे ताळेबंदातून रक्कम बाजूला काढणं. वसुली चालूच राहते, तारण जप्त होऊ शकतं, जामीनदाराला नोटीस येऊ शकते. हातावर पाणी घेतलं आहे, पण बोटं मिटलेली आहेत.

सोडायचं ते आवडीचं असावं, असाही एक जुना दंडक आहे. काशी-गयेला जाऊन आलेली म्हातारी माणसं तिथं एखादं फळ किंवा भाजी सोडून येतात. गयेला अक्षयवटाखाली हा संकल्प करतात, आणि मग जन्मभर ती वस्तू खायची नाही. माझी आजी गयेला कारलं सोडून आली. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं की तिनं उभ्या आयुष्यात कारल्याला हात लावला नव्हता. माझ्या आईनं हसत विचारलं तर म्हणाली, ‘देवानं कुठं सांगितलंय आंबाच सोड म्हणून?’ त्या उत्तरात दानशास्त्राचा मुख्य मुद्दाच उलटा झाला होता. जे आपलं आहे तेच सोडता येतं. जे कधी हातात नव्हतंच त्यावर पाणी सोडलं तर फक्त ताम्हण भरतं.

कायद्याचंही म्हणणं जवळपास हेच आहे. वडील हयात आहेत, त्यांनी स्वतःच्या कमाईतून फ्लॅट घेतला आहे, आणि मुलगी आत्ताच लिहून देते की या फ्लॅटवरचा माझा भावी वारसाहक्क मी सोडला. अशा कागदाला अर्थ नाही. पुढेमागे वारस होण्याची नुसती शक्यता हस्तांतरित करता येत नाही, असं १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं सहावं कलम सांगतं. हातात काही आलं असेल तरच हात कलता करता येतो.

आणि मुलींच्या हातात काही यायला महाराष्ट्रात बरीच वर्षं गेली. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला. १९९४ साली राज्यानं दुरुस्ती करून तिला मुलासारखीच जन्मानं सहहिस्सेदार केली, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ती अट गेली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. कागदावर हक्क जसजसा पक्का होत गेला तसतसं दुसऱ्या एका कागदाचं काम वाढत गेलं. त्याचं नाव हक्कसोडपत्र.

ज्यांच्या घरात शेत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वडील गेले की वारसनोंद होते. सातबारावर भावांची नावं कब्जेदार म्हणून लागतात आणि बहिणींची कितीतरी ठिकाणी ‘इतर अधिकार’च्या रकान्यात, जणू बहीण म्हणजे विहिरीवरचा बोजा. मग बँकेचं कर्ज काढायचं असतं किंवा रस्त्यात जमीन जाते आणि मोबदला येतो, तेव्हा बहिणींच्या सह्या लागतात. अशा वेळी एक दिवस ठरतो. साध्या स्टँपपेपरवर नोटरी करून भागत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावरावरचा हक्क संपवणारा कागद १९०८च्या नोंदणी कायद्याच्या सतराव्या कलमाखाली नोंदवावाच लागतो. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं, तिथून तलाठ्याकडं, मग फेरफार, नोटीस, हरकतीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण.

माझ्या आत्याचं हक्कसोडपत्र झालं तेव्हा मी बरोबर होतो. लिहून घेणाऱ्यांत काका होता आणि माझे वडीलही होते, तेव्हा मी काही त्रयस्थ नाही. आत्या आदल्या रात्रीच्या गाडीनं डोंबिवलीहून आली होती. सकाळी काकूनं तिची ओटी भरली, साडी दिली. ती तीच नेसून आली. कार्यालयात बाकावर तासभर बसलो. तिथं अशा आणखी दोन-तीन बायका होत्या, नव्या साड्यांच्या घड्या न मोडलेल्या. नंबर लागल्यावर संगणकाच्या डोक्यावरच्या छोट्या कॅमेऱ्याकडं बघायला सांगितलं, काचेवर अंगठा ठेवायला सांगितला. धुणीभांडी करून झिजलेला अंगठा यंत्राला उमटेना. दोनदा पुसून, एकदा पाण्याचं बोट लावून, तिसऱ्यांदा उमटला. पाणी लागलंच, असं मला तेव्हा वाटून गेलं.

मग बॉण्डरायटरनं कागद वाचून दाखवला. ‘लिहून देणार’ अमुक, ‘लिहून घेणार’ अमुक. स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता. सदर मिळकतीत यापुढे माझा वा माझ्या वारसांचा कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध राहिलेला नाही. ऐकता ऐकता ओळख पटली. हा तर तोच संकल्प. काळ, स्थळ, नाव, चतुःसीमा आणि शेवटी न मम. फरक एवढाच की याचं नाव ‘हक्कसोडपत्र’ आहे. नावात फक्त सोडणं आहे, घेणं नाही. बक्षीसपत्र म्हटलं असतं तर बक्षीस देणारी मोठी ठरली असती आणि घेणाऱ्याला आभार मानावे लागले असते. सहहिस्सेदारानं हक्क सोडला की तो वाटा हवेत विरत नाही, उरलेल्या हिस्सेदारांकडं जातो. खाली हात होतेच. दोन होते. त्यातला एक माझ्या वडिलांचा.

दबाव होता का? आवाज कुणी चढवला नव्हता. वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, ‘आक्का, येशील का गं एक दिवस?’ ती म्हणाली, ‘येते की.’ पुष्कळ घरांत याहून वाईट घडतं. कर्जाचा कागद आहे म्हणून हक्कसोडीवर सही घेतली जाते, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो हे कळेपर्यंत तीन वर्षं गेलेली असतात. आमच्याकडं तसं काही नव्हतं. पण बायका या बाबतीत एक वाक्य बोलतात, ते मी आत्याच्या तोंडून परतीच्या रिक्षात ऐकलं. ‘हक्क धरला असता तर माहेर सुटलं असतं रे.’ सोडणे आणि सुटणे. एकात कर्ता आहे आणि दुसऱ्यात नाही, हे तिला कुणी व्याकरणात शिकवलेलं नव्हतं.

कागदात एक ओळ होती, ती तिनं पुन्हा वाचायला लावली होती. जमिनीतल्या ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’. शिवकालीन आणि पेशवाईतल्या इनामपत्रांतली ही शब्दमाला आजचे बॉण्डरायटरही तशीच्या तशी उतरवून ठेवतात. तिनं विचारलं, निधी-निक्षेप म्हणजे काय? पुरलेलं धन, तो म्हणाला. ती हसली, ‘सापडलं तर तेही तुमचंच हो.’ मग थोडं थांबून, ‘आणि तरू म्हणजे? विहिरीकडचा रायवळ पण त्यात आला का?’

‘सगळी झाडं आली, मावशी.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि सही केली.

रायवळ अजून आहे. मे महिन्यात काका कुणाच्या ना कुणाच्या हाती आत्याकडं पिशवी पाठवतो, एक वर्षही त्यानं चुकवलेलं नाही. पूर्वी पिशवी उघडताना ती शेजारणीला सांगायची, ‘आमच्या झाडाचे आलेत.’ आता म्हणते, ‘भावाच्या झाडाचे आलेत.’